भोरगिरीच्या वाटेने जुन्या रानाकडे

पिंपरी-चिंचवडच्या आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ज्यांचा संसार मांडला गेला आहे त्यांना गुरुवार हा रविवारापेक्षाही जवळचा वार वाटतो, कारण येथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी पूर्वापार गुरुवारीच येते. त्या गुरुवारांपैकी एक तरी दिवस वर्षाकाठी जुन्या रानासाठी राखून ठेवावा, दहा-पंधरा सोबती घेऊन आणि गावच्या वाटाड्याच्या मागोमाग तेथे जावे, असे सुचवण्यासाठी आणि ते रीतसर कसे करावे हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. रविवारी किंवा श्रावणी सोमवारी भीमाशंकरास जी दाटी होते तिच्यात देवाचे दर्शन घडत असेल; रानाचे दर्शन घ्यावयाचे तर आडवारच बरा.

नाशिक फाट्यावरून भोसरी व मोशी मागे टाकून चाकणच्या चौकातील मालमोटारींची रांग एकदा ओलांडली, की पुढे राजगुरुनगर लागते. तेथून पश्चिमेस फुटणारा रस्ता चासवरून, चासकमान धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने वाडा या गावी जातो आणि पुढे शिरगाव, टोकावडे अशा वस्त्या घेत घेत भोरगिरीपाशी येऊन विसावतो. कोटेश्वराचे जुने देऊळ, त्याच्या लगत वाहणारी भीमा आणि वर लेणी व पाण्याची टाकी असलेला एक लहानसा किल्ला, एवढे पाहून वाहनाचा निरोप घ्यावा. येथून भीमाशंकरापर्यंतची सात-आठ किलोमीटरांची वाट पायी चालावयाची असते. चढ बेताचा आहे, आणि वाटेचा बराचसा भाग गर्द झाडीतून, गुप्त भीमाशंकराजवळून जातो. ज्या भीमेच्या काठाने आपण वर चढतो तिचाच प्रवाह खाली चासकमानच्या भिंतीशी अडतो, आणि तिला पुढे भामा व इंद्रायणी येऊन मिळतात. पिंपरी-चिंचवडच्या नळांत पवनेचे आणि आंद्र्याचे पाणी येते, भामा-आसखेडच्या पाण्यावरही या परिसराची भिस्त वाढत चालली आहे. आणि या साऱ्या नद्या सह्याद्रीच्या याच कण्याखालून उगम पावतात. तेव्हा या रानात आपण परके म्हणून शिरत नाही. आपल्या स्वयंपाकघरातील पाण्याचे मूळ आपण शोधीत जात असतो.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. सुमारे १३० चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांच्या हद्दींत विभागलेले आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस येथे कोसळतो, आणि भोरगिरी ज्यात येते त्याच खेड तालुक्याच्या पूर्वेकडील शेतकरी मात्र मृगाच्या सरींसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. एवढ्या पावसाच्या आश्रयाने अंजनी, जांभूळ आणि पिसा या वृक्षांचे जे निमसदाहरित रान माथ्यावर वाढले आहे त्यात हिरडा, आंबा, उंबर, फणशी, लोखंडी यांची भर आहे, आणि देवाच्या नावाने राखलेल्या राईंतून गारंबीसारख्या महावेलीही भेटतात, ज्यांची शेंग माणसाच्या हाताहून लांब भरते. हे रान अभयारण्याच्या रेषेपाशी एकाएकी थांबत नाही. ते उतारांवर, गावांच्या शिवारांत, देवरायांत आणि खातेदारांच्या मालकी डोंगरांवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेले आहे. भीती आहे ती या रेषेबाहेरच्या तुकड्यांची.

ही भीती नेमकी कशाची, हे निघण्यापूर्वीच सोबत्यांना समजावून सांगावे. अन्यथा ते रानात जाऊन गारव्याची स्तुती करून परततील. मालकी डोंगराचा सातबारा पाहिला तर त्यावर कित्येकदा दहा-वीस सामाईक खातेदारांची नावे आढळतात; त्यांतील निम्मे मुंबईस किंवा आपल्याच पट्ट्यात चाकरीस आलेले असतात, आणि त्या जमिनीतून त्यांना वर्षाकाठी चार पैसेही सुटत नसतात. मग एखाद्या वर्षी लग्नकार्य निघते, दवाखान्याचे देणे होते, आणि अशा नेमक्या वेळी लाकडाचा ठेकेदार दारात येतो. तो झाडे मोजून भाव करीत नाही. डोंगराच्या डोंगर उक्ता ठरवतो. शंभर वर्षांच्या जांभळीची आणि मनगटाएवढ्या फांदीची अशा सौद्यात एकच किंमत होते. इमारतीच्या कामाचे लाकूड वेगळे काढले जाते, उरलेल्याचे सरपण होते किंवा कोळसा पडतो, आणि माल उतरवण्यासाठी जो कच्चा रस्ता कोरला जातो तो पुढे प्लॉट पाडणाऱ्यास आयताच सापडतो. खेड व मावळ तालुक्यांतील डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हाही अवजड सामग्री वर नेण्याच्या रस्त्यांसाठी झाडी तुटली, आणि प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ सालच्या आपल्या अहवालात त्या प्रकरणाची दखल घेतली. विजेची गरज कोणी नाकारीत नाही. परंतु पाते कोठे उभारावे आणि रस्ता कोठून न्यावा याचा निर्णय करताना त्या उतारावर काय उभे आहे हे आधी कोणीतरी मोजलेले असावे लागते.

येथे मला गाणीची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावी काळकाईची देवराई आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी, डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ हे पुण्याचे दोन अभ्यासक सह्याद्रीच्या देवराया पायी हिंडून धुंडाळीत असताना, या राईतील झाडे तोडण्याची तजवीज वनखात्याकडून होऊ लागली. गावचा ओढा राईतूनच येत होता. राई गेली तर ओढाही आटेल हे जाणण्यासाठी गावकऱ्यांना कोणत्याही शास्त्राची आवश्यकता नव्हती. परंतु सरकारदरबारी ते सांगावयाचे कोणी आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न होता. शहरातील कोणी अभ्यासक देवराईत रस घेऊन फिरत आहेत हे त्यांच्या कानी आले होते, म्हणून त्यांनी या अभ्यासकांकडे साहाय्य मागितले. अभ्यासकांनी खात्याकडे रदबदली केली, आणि तोड टळली. या हकीकतीतील जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो असा की, हाक गावाने दिली. ती ऐकून येणारे कोणीतरी आहे याची गावास आधीपासून माहिती होती, एवढेच त्या दोघांच्या पूर्वीच्या पायपिटीचे फलित. आपली गुरुवारची भ्रमंती याच हेतूने आखली पाहिजे.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. तुकडी पंधराहून मोठी करू नये. बावीस माणसांची रांग अरुंद वाटेवर इतकी लांबते की पुढच्याने दाखवलेले झाड मागच्याला केवळ ऐकून घ्यावे लागते, आणि एवढ्या पावलांच्या आवाजाने शेकरू कधीच दूर निघून गेलेले असते. बावीस हा आकडा मी अनुभवावरून लिहितो. काही वर्षांपूर्वी आषाढाच्या एका सकाळी अशीच एक तुकडी माझ्या भरवशावर या वाटेने निघाली होती. धुके इतके उतरले की दहा पावलांवरचे माणूस दिसेना. गुप्त भीमाशंकरापाशी शिरगणती केली तेव्हा एकवीस भरले. बुटाची नाडी बांधण्यासाठी मागे थांबलेला एक तरुण धुक्यात ढोरवाटेस लागला होता. आमच्या वाटाड्याने आम्हा सर्वांस आहोत तेथेच बसवून घेतले, स्वतः मागे गेला, आणि दर पन्नास पावलांवर कुकारा घालीत, उत्तर ऐकीत, पाऊण तासाने त्याला घेऊन आला. ती पाऊण तासाची शांतता मी विसरलो नाही. तेव्हापासून माझा दंडक असा, की वाटाड्याने पुढे चालावे, तुकडीतील सर्वांत धिम्मा व सावध मनुष्य सर्वांच्या शेवटी असावा, त्याच्या मागे कोणीही राहू नये, आणि प्रत्येक फाट्यावर शिरगणती झाल्याविना पाऊल पुढे टाकू नये. तीन लिटर पाणी, पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा अंगरखा, शिट्टी आणि विजेरी ही सामग्री प्रत्येकाकडे स्वतंत्र असावी. पावसाळ्यात चापडा जातीचा हिरवा साप वाटेलगतच्या फांद्यांवर निश्चल बसलेला असतो. तेव्हा हात टेकण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. ध्वनिवर्धक आणि विस्तव या दोन गोष्टींस अभयारण्यात मुळीच जागा नाही. पावसाळ्यात धबधब्यांकडील व रानातील काही वाटा वनखाते अधूनमधून बंद करते, म्हणून निघण्याच्या आधी दोन दिवस वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून खातरजमा करून घ्यावी आणि वनरक्षकास आपल्या तुकडीची वर्दी द्यावी.

वाटाड्या भोरगिरीचा किंवा वरच्या वाड्या-वस्त्यांचाच असावा. आता मोबाईलमधील नकाशा वाट दाखवतो हे खरे, परंतु कोणत्या झाडाला गाव कोणत्या नावाने ओळखते, कोणती राई कोणत्या देवाची, कोणत्या वर्षी कोठला उतार साफ झाला आणि तेव्हा लाकूड कोणत्या वाटेने खाली गेले, हे त्या नकाशात नाही. या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती पूर्वापार आहे, आणि बाळहिरड्याच्या वेचणीवर येथील अनेक घरांची उन्हाळ्याची मिळकत अवलंबून असते. कोवळी फळे झाडावरून उतरवून, वाळवून ती विकली जातात. हिरड्याचे झाड ज्याच्या घरात दरसाल पैसा आणते तो खातेदार ते ठेकेदाराला सहजासहजी देत नाही, ही गोष्ट वाटाड्याच्या तोंडून ऐकली म्हणजे रानाच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा मिळतो. त्याची मजुरी आधी ठरवावी, घासाघीस न करता ठरवावी, आणि ती कोणा मध्यस्थाच्या हातून न देता त्याच्याच हाती द्यावी. दुपारचे जेवण शहरातून बांधून नेण्यापेक्षा गावातच सांगावे; नाचणीची भाकरी, पिठले आणि ठेचा यांनी तुकडीचे पोट भरते आणि चार पैसे गावात राहतात. वाटाड्याला नावाने हाक मारताना पुढे ‘भाऊ’ किंवा ‘बाबा’ लावावे, आणि तो बोलत असताना तुकडीतील कोणी सुशिक्षित गृहस्थ त्याचे वाक्य मध्येच दुरुस्त करू लागल्यास त्यांना सौम्यपणे थांबवावे.

रानात शिरल्यावर काय पाहावे? शहरी डोळा प्रथम उंची पाहतो आणि येथे फसतो, कारण सह्याद्रीच्या माथ्यावरील वाऱ्यात जुने झाडही फारसे उंच जात नाही. अंजनी फार सावकाश वाढते. मांडीएवढा बुंधा असलेल्या अंजनीचे वय आपल्या आजोबांहून अधिक असू शकेल. जुनेपणाची खूण पायांखाली शोधावी. जमीन दबते का, कुजलेल्या पानांचा थर किती खोल आहे, आडवा पडलेला ओंडका शेवाळ पांघरून तसाच कुजत पडला आहे की कोणी उचलून नेला आहे, हे बघावे. बुंध्यांना ढोल्या आहेत का, वेली दंडाएवढ्या जाड झाल्या आहेत का, फांद्यांवर नेचे आणि आमरी बसल्या आहेत का, हे पाहावे. याउलट घाणेरी आणि रानमोडी यांची गर्दी जेथे दिसेल तेथे छत फाटून ऊन खाली आले आहे असे समजावे. आणखी एक खूण अशी, की एकाच बुडापासून चार-पाच सारख्या जाडीचे सोट निघालेले दिसले, तर ते झाड पूर्वी एकदा तोडले गेले होते आणि खुंटाला फुटवे आले होते. उतारावर मध्येच सपाट केलेली, काळ्या मातीची वाटोळी जागा आढळली तर ती बहुधा कोळशाच्या जुन्या भट्टीची. असे एक वर्तुळ तुकडीला दाखवून, त्यातील कोळशाचा तुकडा हातोहात फिरवावा. त्या मिनिटभरात जे समजते ते माझ्या दोन पानांत मावणार नाही.

शेकरू हा आपल्या राज्याचा प्राणी या रानाचा खरा शिक्षक आहे. त्याचे डहाळ्या-पानांचे वाटोळे घरटे उंच फांद्यांच्या बेचक्यात असते, आणि एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. ते क्वचितच जमिनीवर उतरते. झाडाच्या शेंड्यावरून झाडाच्या शेंड्यावर जाणे हेच त्याचे दळणवळण. म्हणून वाटाड्यास थांबावयास सांगून तुकडीला एक काम द्यावे. प्रत्येकाने मान वर करून एका घरट्यापासून पश्चिमेकडे, फांदीला फांदी लागून, डोळ्यांनी जितके जाता येईल तितके जावे, आणि जेथे आभाळ आडवे येईल तेथे थांबून बोट दाखवावे. जुन्या रानात हा प्रवास डोळे थकेपर्यंत चालतो. विरळ झालेल्या मालकी डोंगराच्या कडेला तो पाच-सहा झाडांत संपतो. पाच-सहा झाडे तोडली तर बिघडले कोठे, असे विचारणाऱ्यास द्यावयाचे उत्तर त्या उघड्या आभाळात असते, आणि ते त्याला स्वतःच सापडलेले असल्यामुळे पुढे तो विसरत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र मी तुकडीस आवर्जून बजावतो. डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी बाई वाटेत भेटली, की शहरातील माणसाच्या मनात ताबडतोब न्यायाधीश जागा होतो. तिला काही विचारू नये, तिचे छायाचित्र तर मुळीच घेऊ नये. वाळक्या फांद्यांची मोळी आणि भाताच्या वा नाचणीच्या रोपासाठी राब भाजण्यासाठी छाटलेला पाला हे सारे या रानाने शतकानुशतके सोसले आहे. त्याचेही मोजमाप व्हावे, हे मी मान्य करतो, पण यांत्रिक करवत आणि कोरलेला रस्ता घेऊन येणाऱ्या तोडीशी त्याची बरोबरी करणे हा अन्याय आहे. उलट आपल्याच पट्ट्याकडे वळून पाहावे. येथील कारखान्यांतून यंत्रांचे भाग लाकडी खोक्यांत व पॅलेटवर बसवून देशोदेशी जातात. निर्यातीच्या खोक्यावर गव्हाच्या ओंबीचा जो शिक्का असतो, त्यावरून लाकूड तापवून वा धुरी देऊन कीडमुक्त केले आहे एवढेच समजते. ते कोठल्या डोंगरावरचे, हे त्यावर लिहिलेले नसते. पुष्कळ पॅलेट परदेशी पाइनची असतात, काही देशी जंगली लाकडाची. तुकडीत भांडार विभागात किंवा खरेदी विभागात काम करणारा कोणी असेल, आणि आपल्या पट्ट्यातील तुकडीत तसा एखादा असतोच, तर त्याने परत गेल्यावर पुरवठादारास लाकडाचा मूळ ठिकाणासह वाहतूक परवाना मागावा. एवढ्याशा प्रश्नाने डोंगर वाचेल असे मी म्हणत नाही. परंतु तोडलेल्या लाकडास गिऱ्हाईक आपणच असू, तर गावाला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याकडे उरत नाही.

त्याचप्रमाणे, रोपे वा बियांचे गोळे घेऊन रानात येऊ नये. हौस चांगली असते, पण जुन्या रानात मोकळी दिसणारी जागा मोकळी नसते. तेथे पिसाची, जांभळीची आणि अंजनीची रोपे आपापल्या संधीची वाट पाहत असतात, आणि बाहेरून आलेले गिरिपुष्प वा सुबाभूळ त्यांच्या वाट्याचे ऊन खाऊन टाकते. एका झाडाच्या बदल्यात दहा लावू, हा हिशेब शहरातील दुभाजकावर चालत असेल. ज्या झाडाच्या ढोलीत पक्षी वीण घालतो त्या झाडाची भरपाई करावयास दहा रोपांना शंभर वर्षे लागतात, आणि पक्ष्याला घर यंदाच हवे असते.

आता वहीसंबंधी, कारण या भ्रमंतीचे सार माझ्या मते वहीत आहे. तुकडीत दोघांनी टाचणवही आणि एक शिवणकामाची फीत जवळ बाळगावी. वाटेवरील, विशेषतः अभयारण्याबाहेरील मालकी रानातील आणि देवराईतील, पंधरा-वीस मोठी झाडे निवडावी. प्रत्येकाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीशी, फीत लावून मोजावा. वनखातेही याच उंचीवर मोजते, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. उतारावरचे झाड असेल तर वरच्या बाजूस उभे राहून मोजावे. वाटाड्याने सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहावे, वनस्पतिशास्त्रातील नाव माहीत असल्यास त्याच्यापुढे लिहावे, मोबाईलवरील अक्षांश-रेखांश टिपावेत, तारीख घालावी. ताजा खुंट दिसला तर त्याचेही छायाचित्र फीत ठेवून घ्यावे, आणि त्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण आहे की नाही हे पाहावे. दुर्मीळ आमरींची किंवा घरट्यांची स्थाने मात्र चारचौघांत प्रसिद्ध करू नयेत. ती वही आपल्यापाशी आणि गावापाशीच राहावी.

या नोंदींचा उपयोग काय, तो कायद्याच्या अंगाने सांगतो. राखीव वनातील व अभयारण्यातील तोड हा उघड गुन्हा आहे, आणि तो दिसल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते. मालकी रानासाठी १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम लागू आहे: हिरडा, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, साग, खैर इत्यादी अनुसूचित वृक्ष स्वतःच्या जमिनीत असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीविना तोडता येत नाहीत. परवानगी दिली गेली असल्यास किती झाडांची, कोणत्या गटातील आणि कोणत्या जातींची दिली, हे माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यान्वये कोणाही नागरिकास अर्ज करून मागता येते. आणि कागदावर वीस ऐन लिहिलेले असताना जागेवर जांभळी पडल्या असतील, तर ते सिद्ध करण्यास आपली वही उपयोगी पडते. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, ‘वन’ या शब्दाचा अर्थ कोशात आहे तसा घ्यावा, मग जमिनीची मालकी कोणाचीही असो. तेव्हा एखाद्या उतारावर खरोखर काय उभे होते, हा प्रश्न पुढे कज्ज्यात निघाला, तर तारीखवार मोजलेली झाडे हा दस्तऐवज ठरतो. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनाच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. म्हणून तक्रार करावयाची झाल्यास ती आपण परस्पर करू नये, प्रथम वाटाड्यास आणि सरपंचास विचारावे. गावाने राहावयाचे तेथे आणि आपण गुरुवारी येऊन जाणारे. रोष कोणाच्या घरावर उतरेल याचा विचार अर्जावर सही करण्यापूर्वी झाला पाहिजे.

घरी परतल्यावर आठ दिवसांच्या आत वहीतील यादी स्वच्छ अक्षरांत उतरवून तिच्या तीन प्रती कराव्या. एक वाटाड्याच्या घरी, एक ग्रामपंचायतीच्या दफ्तरी आणि एक आपल्यापाशी ठेवावी. वाटाड्याची प्रत टपालाने पाठवू नये. दोघांनी पुन्हा एक गुरुवार काढून ती हाती द्यावी, त्याच्या अंगणात बसून झाडांची नावे त्याला एकदा वाचून दाखवावीत, चुकली असतील ती त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावीत, आणि कोणी ठेकेदार वरच्या डोंगरावर झाडांना रंगाचे आकडे घालताना दिसला तर कोणत्या क्रमांकावर निरोप द्यावयाचा, तो त्या यादीच्या पाठीमागे ठळक लिहून द्यावा. पुढच्या वर्षी हिरड्याच्या वेचणीचा मोसम सरल्यावर, पावसाळा लागण्याच्या आधी, तीच मंडळी पुन्हा निघावी. सोबत जुनी वही असावी, आणि पहिल्या पानावरच्या पहिल्या झाडापाशी थांबून, त्याच उंचीवर, पुन्हा फीत लावावी.